दुकानाचा हिशोब आणि कॉलेजचे कॅल्क्युलस

दहावीचा निकाल लागला की आमच्या व्यापारी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला कॉमर्सला घालायचे हे आधीच ठरलेले असते. प्रश्न असतो गणिताचा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत गणित सक्तीचे नाही. त्याऐवजी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ हा विषय घेता येतो आणि आमच्याकडची बरीच मुले तोच घेतात. घरातील मोठी मंडळीही म्हणतात, ‘बेटा, बेरीज-वजाबाकी आली, टक्केवारी आली, म्हणजे दुकान चालते. कॅल्क्युलस घेऊन काय करणार?’

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. शिक्षण उर्दू माध्यमात झालेले आणि वहीखाते दुकानाच्या गादीवर बसून शिकलेले. तरीही आमचे म्हणणे असे आहे की, वरील सल्ला चुकीचा आहे. विद्यापीठांत वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलसचा जो दुसरा टप्पा शिकवतात, त्यात नेमके तेच प्रश्न असतात जे आम्ही रोज गल्ल्यावर बसून अंदाजाने सोडवतो. हा टप्पा काय आहे आणि त्याचा कोरपन्याच्या बाजारपेठेशी काय संबंध आहे, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला टप्पा : एकाच गोष्टीचा विचार

कॅल्क्युलस म्हणजे बदलाचे गणित. मराठीत याच्या दोन शाखांना अवकलन व समाकलन म्हणतात. उर्दूत या विद्येला ‘इहसा’ असे नाव आहे. एक गोष्ट थोडी बदलली की दुसरी किती बदलते, हे अवकलन सांगते. लहान लहान तुकडे जोडून एकूण किती होते, हे समाकलन सांगते. पहिल्या टप्प्यात एका वेळी एकाच गोष्टीचा विचार असतो.

उदाहरण आमच्याच धंद्याचे घेऊ. समजा, कोरपन्यातील एका दुकानात वर्षाला २,४०० साड्या विकल्या जातात. माल नागपूरच्या गांधीबाग बाजारातून येतो. प्रत्येक फेरीला गाडीभाडे, हमाली व दिवसाचा खोळंबा धरून ३,००० रुपये खर्च येतो. एक साडी वर्षभर दुकानात पडून राहिली तर अडकलेले भांडवल, जागा आणि कसर-उंदरांचे नुकसान धरून ४० रुपये लागतात. मग वर्षात फेऱ्या किती कराव्यात?

दर महिन्याला गेलो तर १२ फेऱ्यांचे ३६,००० रुपये होतात. दर वेळी २०० साड्या येतात, म्हणजे दुकानात सरासरी १०० नग पडून राहतात आणि त्याचे ४,००० रुपये. एकूण ४०,०००. वर्षातून एकदाच सारा माल आणला तर फेरीचे ३,००० आणि सरासरी १,२०० नग सांभाळण्याचे ४८,०००, म्हणजे एकूण ५१,०००. चार फेऱ्या केल्या व दर वेळी ६०० साड्या आणल्या, तर फेऱ्यांचे १२,००० आणि सांभाळण्याचे १२,०००, एकूण २४,००० रुपये. याहून कमी खर्च कोणत्याच आकड्याला येत नाही. फेरीचा खर्च आणि माल ठेवण्याचा खर्च जेथे सारखा होतो, तेथेच एकूण खर्च सर्वांत कमी असतो. अमेरिकेतील फोर्ड हॅरिस या इंजिनिअरने १९१३ साली हे सूत्र मांडले आणि आजही मोठमोठ्या कंपन्यांची गोदामे त्याच्या पायावर चालतात.

यात आणखी एक कामाची गोष्ट आहे. तीन फेऱ्यांना खर्च २५,००० येतो आणि पाच फेऱ्यांना २४,६००. म्हणजे नेमक्या आकड्यापासून थोडे इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते दोन्ही टोकांना. व्यापाऱ्याने बारीक हिशोबाची धास्ती घेऊ नये, टोकाला मात्र जाऊ नये, एवढा धडा या गणितातून मिळतो.

दुसरा टप्पा : अनेक गोष्टी आणि मर्यादित भांडवल

परंतु खऱ्या दुकानात एकच माल नसतो. साडी असते, रेडीमेड असते, शर्टिंग-सूटिंगचे थान असते, चादरी-सतरंज्या असतात, आणि भांडवल तेवढेच असते. साड्यांत जास्त पैसा घातला की रेडीमेडमधला कमी करावा लागतो. अनेक गोष्टी एकाच वेळी बदलतात तेव्हा काय करावे, हे दुसऱ्या टप्प्यात शिकवतात. आमच्या मते व्यापाऱ्याच्या मुलासाठी खरी विद्या येथून सुरू होते.

समजा, भांडवल ५ लाख आहे. वहीवरून असा अंदाज निघाला की साड्यांत घातलेला पहिला पैसा लाखाला ६० हजारांच्या दराने नफा देतो. पण जसजसा माल वाढतो, तसतसा न विकला जाणारा मालही वाढतो आणि पुढच्या प्रत्येक लाखाला हा दर १० हजारांनी उतरतो. रेडीमेडमध्ये सुरुवात लाखाला ४० हजारांपासून होते. पण उतार सौम्य आहे, लाखामागे ५ हजारांचाच. आता भांडवलाची वाटणी कशी करावी?

गणित उत्तर देते : साड्यांत ३ लाख, रेडीमेडमध्ये २ लाख. साड्यांतून वर्षाला १ लाख ३५ हजार आणि रेडीमेडमधून ७० हजार, असा एकूण २ लाख ५ हजारांचा नफा होतो. येथे दोन्हीकडे शेवटी घातलेल्या पैशाचा दर सारखा, लाखाला ३० हजार, झालेला असतो. दर जेथे समान होतात, तेथेच वाटणी सर्वांत चांगली.

आता येथे व्यापारी कसा फसतो ते पाहा. वर्षअखेर तो वही काढतो. साड्यांत ३ लाखांवर १ लाख ३५ हजार, म्हणजे लाखाला सरासरी ४५ हजार. रेडीमेडमध्ये २ लाखांवर ७० हजार, म्हणजे लाखाला ३५ हजार. त्याला वाटते, साडीच बरी, आणि तो रेडीमेडमधला १ लाख काढून साड्यांत घालतो. पण साड्यांतला चौथा लाख फक्त २५ हजार देतो आणि रेडीमेडमधून काढलेला लाख साडेबत्तीस हजार देत होता. एकूण नफा १ लाख ९७ हजार ५०० वर येतो. साडेसात हजारांचा घाटा, आणि तोही वहीत साड्यांचा नफा वाढलेला दिसत असताना! सरासरी पाहून पैसा हलवू नये. शेवटच्या लाखाने काय दिले ते पाहावे. अर्थशास्त्रात यालाच सीमांत नफा म्हणतात. आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार एवढ्यात आले.

मर्यादित भांडवलात सर्वांत चांगली वाटणी काढण्याची ही रीत जोसेफ लुई लाग्रांज या गणितज्ञाची आहे. तो १७३६ साली इटलीतील तुरीन येथे जन्मला व १८१३ साली पॅरिसमध्ये वारला. त्याच्या रीतीत वाटणीबरोबर एक जादा आकडा मिळतो, तो म्हणजे भांडवल थोडे वाढले तर नफा कोणत्या दराने वाढेल. वरील उदाहरणात तो दर लाखाला ३० हजार आहे आणि पूर्ण १ लाख वाढवून नव्याने वाटणी केली तर नफा २८ हजारांहून थोडा अधिक वाढतो. उद्या कोणी हिस्सेदार म्हणाला, ‘मी १ लाख घालतो, मला वर्षाला ३५ हजार हिस्सा द्या,’ तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. २० हजारांवर तयार असेल तर विचार करावा. असे निर्णय आपल्याकडे ओळखीवर किंवा भिडेपोटी होतात. मुलाला हा आकडा काढता आला, तर बोलणी समजुतीने आणि कागदावर होतील.

कारागिरांसाठी

शिलाईचा कारखाना चालवणाऱ्या बांधवांसाठीही यात एक पाठ आहे. मशीन वाढवावी की कारागीर? दुसऱ्या टप्प्यात ‘आंशिक अवकलन’ शिकवतात. याचा अर्थ इतकाच की, बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट थोडी वाढवायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. १९२८ साली अमेरिकेत चार्ल्स कॉब हा गणितज्ञ आणि पॉल डग्लस हा अर्थशास्त्रज्ञ यांनी तेथील कारखानदारीचे आकडे घेऊन असाच हिशोब केला. त्यांच्या सूत्राप्रमाणे यंत्रसामग्री तेवढीच ठेवून मजूर १० टक्के वाढवले, तर उत्पादन साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढते. मजूर तेवढेच ठेवून यंत्रे १० टक्के वाढवली, तर अडीच टक्क्यांच्या आसपास.

हे आकडे त्या काळच्या अमेरिकेचे आहेत, ते आपल्या कारखान्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण रीत लागू पडते. पाच मशीनवर सातवा कारागीर बसवला तर तो बहुतेक वेळ रिकामा राहील, आणि पाच कारागिरांना आठ मशीन दिल्या तर तीन झाकूनच राहतील. दोन्ही एकमेकांना धरून वाढली पाहिजेत. कोणती केव्हा वाढवायची हे सांगणारा आकडा आपल्याच नोंदींतून निघतो. त्यासाठी रोज किती नग शिवले गेले, याची नोंद मात्र ठेवावी लागते.

समाकलन : गिऱ्हाईक आणि समाज

समाकलन म्हणजे तुकड्यांची बेरीज. व्यापारात तिचा एक उपयोग भाव ठरवण्यात आहे. एकाच साडीला एक गिऱ्हाईक ७०० रुपये द्यायला तयार असते, दुसरे ६००, तिसरे जेमतेम ५००. आपण सर्वांना ५०० ला विकली, तर पहिल्याचे २०० आणि दुसऱ्याचे १०० रुपये वाचले. सर्व गिऱ्हाइकांच्या अशा बचतीची बेरीज म्हणजे ग्राहकाचे आधिक्य. अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. घासाघीस करणारा दुकानदार याच बचतीतला हिस्सा मागत असतो. एकभावी दुकान तो हिस्सा सोडते आणि बदल्यात गिऱ्हाइकाचा भरवसा मिळवते. दोन्ही रीतींत नेमके काय हाती येते व काय सुटते, हे मोजता येते, हा मुद्दा.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच समाकलन विषमता मोजण्यासाठी लागते. मॅक्स लॉरेन्झ याने १९०५ साली एक वक्ररेषा मांडली. लोकसंख्येतील सर्वांत गरीब इतक्या टक्के लोकांकडे एकूण उत्पन्नाचा किती टक्के वाटा आहे, हे तीवरून दिसते. सर्वांचे उत्पन्न समान असते तर ती रेषा सरळ गेली असती. सरळ रेषा आणि खरी वक्ररेषा यांच्यामधील जागेचे क्षेत्रफळ समाकलनाने काढतात आणि इटलीच्या कोर्रादो जिनी याच्या नावाचा निर्देशांक त्यावरून ठरतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही आकड्यांच्या पायावर. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाचा आधारही आकडेच होते आणि त्या समितीचे सदस्य-सचिव अबूसालेह शरीफ हे पेशाने अर्थशास्त्रज्ञ. कोणत्याही समाजाची बाजू आज तक्रारीच्या सुरात मांडून ऐकली जात नाही. आकड्यांत मांडावी लागते. ते काम करणारी मुले घराघरांतून निघाली पाहिजेत.

नवी फॅशन केव्हा ओसरते?

दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी अवकल समीकरणे येतात. नाव जड आहे, पण विषय आपल्या ओळखीचा. नवीन डिझाइन बाजारात येते तेव्हा आधी दोन-चार जणी घेतात. त्यांच्या अंगावर पाहून इतर मागू लागतात आणि मग झुंबड उडते. शेवटी ज्यांना घ्यायचे त्यांनी घेतलेले असते आणि माल पडून राहतो. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट याने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी जे समीकरण मांडले, ते या चढ-उतारालाही लावतात.

त्यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विक्रीचा वेग सर्वांत जास्त असतो तो अर्धी गिऱ्हाइके घेऊन झाल्यावर. म्हणजे दुकानात सर्वांत मोठी गर्दी असते, त्याच घडीला उतार सुरू होणार असतो. आणि नेमक्या त्याच वेळी व्यापारी खुशीत येऊन सर्वांत मोठी ऑर्डर देतो! कोरपना परिसरात कापसाचा पैसा हातात येतो, पाठोपाठ लग्नसराई लागते, आणि मोसम संपला की बाजार शांत होतो. अशा बाजारात शेवटची मोठी ऑर्डर वर्षभर उरावर बसते. आठवड्याची विक्री वाढत आहे एवढे पाहून पुरत नाही. वाढीचा वेग वाढतो आहे की मंदावतो आहे, हे पाहावे लागते.

गणिताची मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गणित आपण दिलेल्या आकड्यांवरच चालते. वहीत उधारी नीट लिहिलेली नसेल, परत आलेला माल नोंदलेला नसेल, तर समीकरण कितीही अचूक असले तरी उत्तर खोटेच येणार. पाऊस केव्हा लागेल, कापसाला भाव काय मिळेल, हेही समीकरण आपणहून सांगत नाही. जुन्या व्यापाऱ्याची नजर, गिऱ्हाइकाची पारख आणि शब्दाची किंमत यांना पर्याय नाही. पण नजर मुलाला वारशात देता येत नाही, ती वीस वर्षांनी येते. रीत मात्र दोन वर्षांत शिकवता येते. नजर आणि रीत एकत्र आली, तर मोबाइलवर माल विकणाऱ्या बड्या कंपन्यांसमोर लहान दुकान टिकण्याची उमेद आहे. त्या कंपन्या भाव, साठा व सवलती अशाच गणितावर ठरवतात.

भाषेची भीती

उर्दू माध्यमातील पालक म्हणतात, हे सर्व इंग्रजीत असते, आमच्या मुलांना कसे जमणार? त्यांना इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी १९१७ साली ‘दारुल-तर्जुमा’ ही भाषांतर संस्था उभी राहिली व गणित-विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आले. त्याही आधी, दिल्ली कॉलेजात उर्दूतून गणित शिकवणारे मास्टर रामचंद्र यांनी महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवून दाखवणारा ग्रंथ १८५० साली कलकत्त्यात प्रसिद्ध केला. १८५९ साली तो लंडनमध्ये ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाच्या प्रस्तावनेसह पुन्हा निघाला. आणि बीजगणिताला ज्याच्या ग्रंथावरून ‘अल्जिब्रा’ हे नाव पडले, त्या नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिज्मीने तो ग्रंथ वारसाहक्क, वाटणी व व्यापार यांच्या हिशोबांसाठीच लिहिला होता. ही विद्या आपल्याला परकी नाही. मधल्या काळात आपणच ती सोडून दिली.

आता काय करावे?

बारावी वाणिज्यच्या गणितात अवकलन, समाकलन, त्यांचे उपयोग आणि अवकल समीकरणांची ओळख आहे. सी.ए. फाउंडेशन परीक्षेच्या गणिताच्या पेपरातही कॅल्क्युलसचा पाया येतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला प्रवेश हवा असेल, तर प्रवेश परीक्षेत गणित द्यावेच लागते. तेथील २०१५ च्या अभ्यासक्रमात ‘अर्थशास्त्रासाठी गणिती पद्धती’ असे दोन पेपर होते आणि अनेक चलांचे कॅल्क्युलस दुसऱ्या पेपरात होते. अकरावीत गणित सोडणाऱ्याला यांपैकी काही दारे बंद होतात आणि काही जड होतात. सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय नंतर फिरवणे फार कठीण जाते.

चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. विषय घेण्याआधी गणिताचे शिक्षक आहेत किंवा नाहीत, हे पालकांनी स्वतः जाऊन विचारावे. कॉलेजात सोय नसेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठ पातळीचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी लागते. मुलींना तर याचा विशेष फायदा आहे. ज्यांना रोज बसने गडचांदूर किंवा राजुरा गाठणे जमत नाही, त्या घरी बसून शिकू शकतात.

आमच्या तालुक्यात आवारपूर, उपरवाही व गडचांदूरला मोठे सिमेंट कारखाने आहेत. खर्च कमीत कमी आणि दर्जा ठरलेला, अशा हिशोबावरच असे उद्योग चालतात. तेथील हिशोबाच्या टेबलावर आपली मुले बसावीत असे वाटत असेल, तर सुरुवात अकरावीच्या अर्जापासून होते.

तेव्हा व्यापारी व कारागीर बंधूंनो, यंदा अर्ज भरताना गणितापुढे फुली मारण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक दिवस दुकानात बसवा. मागील वर्षाची वही पुढे ठेवा आणि विचारा : कोणत्या मालात शेवटी घातलेल्या लाखाने किती दिले? उत्तर त्याला येणार नाही, बहुधा आपल्यालाही येणार नाही. ते उत्तर काढणारा घरात कोणी तयार व्हावा असे वाटले, तर गणित राहू द्या.